गळतीपासून जोखमीपर्यंत: रासायनिक प्रकल्पातल्या अपघाताचं गणित कसं मांडायचं

अपघाताचं मॉडेलिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नकाशावरची लाल-पिवळी वर्तुळं येतात. वर्तुळं काढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. माल किती मोठ्या भोकातून, द्रवरूपात की वायुरूपात आणि किती वेळ बाहेर पडला, हे आधी ठरवावं लागतं. तिथे गफलत झाली तर पुढचं गणित कितीही बिनचूक असो, उत्तर चुकलेलंच येतं. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. दाबाखाली द्रवरूप प्रोपेन साठवलेली एक टाकी आहे. आत २० टन माल, तापमान २५ अंश सेल्सियस, आतला निरपेक्ष दाब सुमारे ९.५ बार. टाकीच्या तळाशी २५ मिलिमीटरचं भोक पडलं असं धरू.

१. आधी प्रश्न ठरवा

नियंत्रण कक्ष कुठे बांधायचा, शेजारच्या टाकीवर पाण्याचा फवारा लागेल का, कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी आपत्कालीन योजना कितपत लांबवर आखायची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला स्फोटाचा दाब लागतो, दुसऱ्याला आगीची उष्णता आणि तिचा कालावधी, तिसऱ्याला विषारी किंवा ज्वलनशील ढगाची लांबी. अभ्यासातून कोणता निर्णय निघणार आहे ते एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर सॉफ्टवेअर उघडू नका.

२. माहिती गोळा करा, आणि प्लांटमध्ये चालत फिरा

रसायनाचे गुणधर्म, साठा, दाब, तापमान, पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांची आकृती), प्लॉट प्लॅन (जागेचा आराखडा), वर्षभराची वाऱ्याची नोंद, कोणत्या पाळीत किती माणसं कुठे असतात, एवढं तर लागतंच. साठा मोजताना फक्त टाकीतला माल धरू नका. लाइन फुटल्यावरही पंप चालू राहिला, तर मागच्या टाकीतला मालही त्याच भोकातून येणार.

कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी मात्र फिरूनच कळतात: पाइप रॅकखाली (पाइप पेलणाऱ्या सांगाड्याखाली) रचलेलं सामान, ढग साचेल असे खड्डे आणि नाल्या, आणि मुख्य म्हणजे तात्पुरत्या केबिन. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी एक टॉवर प्रमाणाबाहेर भरला आणि ब्लोडाउन स्टॅकमधून (जादा माल सोडायच्या उंच नळकांड्यातून) ज्वलनशील द्रव बाहेर उसळला. स्फोटात १५ जण गेले. ते सगळे जवळ उभ्या केलेल्या ट्रेलर-कार्यालयांत किंवा त्यांच्या आसपास होते. त्या ट्रेलरमध्ये बसणाऱ्यांचा त्या युनिटच्या रोजच्या कामाशी संबंध नव्हता.

३. घटना निवडा

हॅझॉप म्हणजे प्रक्रियेतले धोके एकेक करून शोधायचा अभ्यास. त्याच्या तक्त्यात शेकडो ओळी असतात. त्यांतल्या ज्यांचा शेवट 'माल बाहेर आला' असा होतो तेवढ्या वेगळ्या काढा आणि सारख्या वाटणाऱ्या एकत्र करा. मग प्रत्येक उपकरणासाठी भोकांचे तीन-चार आकार ठरवा. सहसा ६ मिमीच्या आसपासचं छोटं, २५ मिमीचं मध्यम, १०० मिमीचं मोठं आणि संपूर्ण फूट असे चार गट पुरतात. गॅस्केटमधून होणारी गळती पहिल्या गटात बसते, इन्स्ट्रुमेंटची बारीक लाइन तुटणं दुसऱ्यात.

फक्त सर्वांत वाईट घटनेचा अभ्यास केला तर निर्णयच घेता येत नाही, कारण २० टन एका क्षणात सांडल्यावर सगळीच वर्तुळं कुंपणाबाहेर जातात आणि कोणताही उपाय निरुपयोगी दिसतो. उलट छोटीच गळती धरली, तर कागदावर सगळं छान. माझ्या मते बहुतेक निर्णय मधल्या दोन आकारांवर ठरतात. टोकाची घटना आपत्कालीन योजनेसाठी राखून ठेवावी.

'आपल्याकडे सुरक्षा यंत्रणा आहे, म्हणून ही घटना होणार नाही' असं म्हणून एखादी ओळ तक्त्यातून खोडू नका. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४च्या त्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, फ्लेअरची (वायू जाळून टाकणाऱ्या यंत्रणेची) लाइन दुरुस्तीसाठी सुटी केलेली होती आणि स्क्रबर (वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा) एवढा वायू पेलण्याच्या क्षमतेचाच नव्हता. नियम साधा आहे: सुरक्षा यंत्रणेचं श्रेय घटनेच्या वारंवारितेत द्यायचं, आणि तेही ती चालू असते याचा पुरावा असेल तरच. परिणाम काढताना ती नाही असंच धरायचं. ती चालल्यावर काय होतं, ही वेगळी घटना म्हणून मांडायची.

४. किती माल, किती वेगाने: इथे वेळ द्या

द्रवाच्या गळतीचं मूळ सूत्र छोटं आहे. भोकाचं क्षेत्रफळ गुणिले डिस्चार्ज गुणांक (भोकातून जाताना प्रवाह आकसतो त्याची सूट), गुणिले (२ × घनता × दाबातला फरक) याचं वर्गमूळ. आपल्या टाकीसाठी क्षेत्रफळ ०.०००४९१ चौरस मीटर, गुणांक ०.६१, द्रव प्रोपेनची घनता सुमारे ४९३ किलो प्रति घनमीटर आणि दाबातला फरक ८.५ लाख पास्कल. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ८.७ किलो.

आता तेच २५ मिमीचं भोक टाकीच्या वरच्या भागात, वाफेच्या बाजूला पाडा. वायूचा वेग ध्वनीच्या वेगाशी अडतो आणि गळती सेकंदाला जेमतेम एक ते सव्वा किलो होते. तळातलंच भोक, पण टाकीच्या भिंतीऐवजी तिला जोडलेल्या पाइपच्या टोकाला असेल, तर द्रव बाहेर पडण्याआधी आतच उकळायला लागतो आणि प्रवाह अडतो. पाइप १० सेंटिमीटरहून लांब असला की हा परिणाम धरावाच लागतो, आणि गळती चार किलोच्या आसपास येते. टाकी एक, भोकाचा आकार एक, दाबही तोच, पण उत्तरं तीन: ८.७, ४ आणि १.२. पुढचं कोणतंही मॉडेल ही तफावत भरून काढू शकत नाही. म्हणून 'टाकीला गळती' एवढंच लिहिलेली घटना मी तरी परत पाठवतो. कोणत्या नोझलला (टाकीला पाइप जोडायच्या तोंडाला), द्रवाच्या पातळीच्या वर की खाली, आणि व्हॉल्व्हच्या अलीकडे की पलीकडे, हे लिहिलेलं हवं.

बाहेर आल्यावर प्रोपेनचं काय होतं? त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे, म्हणजे २५ अंशांवरचं द्रव ६७ अंशांनी जास्त गरम आहे. ही जादा उष्णता वापरून त्यातला काही भाग तत्काळ वाफ होतो. द्रवाची विशिष्ट उष्णता २.५ आणि बाष्पीभवनाची उष्णता ४२६ किलोज्यूल प्रति किलो धरली, तर हा भाग ३३ ते ३९ टक्के येतो. मग उरलेलं साठ-पासष्ट टक्के द्रव जमिनीवर साचेल असं धरायचं का? मुळीच नाही. वाफ होण्याच्या झटक्यात बाकीच्या द्रवाचे बारीक थेंब होतात, ते हवेत तरंगत जातात आणि वाटेतच त्यांची वाफ होते. म्हणून अशा दाबाखालच्या गळतीत सगळाच माल ढगात धरावा. नवख्यांच्या अहवालात ढग प्रत्यक्षापेक्षा तिप्पट लहान दिसतो तो बहुधा इथेच.

साध्या दाबाखालच्या, उकळत नसलेल्या द्रवाची गोष्ट निराळी. तिथे तळं तयार होतं, आणि बाष्पीभवनाचा वेग तळ्याचं क्षेत्रफळ, वारा आणि द्रवाचा बाष्पदाब यांवर ठरतो. टाकीभोवतीचा बांध तळं आवरतो, म्हणून बांधाचं क्षेत्रफळ हाताशी ठेवा.

राहिला वेळ. गळती किती वेळ चालेल हे तीन तुकड्यांत मांडा: लक्षात यायला लागणारा वेळ, निर्णय घ्यायला लागणारा वेळ आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला लागणारा वेळ. दूरनियंत्रित व्हॉल्व्ह असेल आणि तिन्ही मिळून दोन मिनिटं लागली, तर १,०४० किलो माल जातो. माणसाने ढगात शिरून चाक फिरवायचं असेल, तर दहा मिनिटंही कमीच, आणि तोवर ५,२०० किलो गेलेले असतात. ढगात माणूस शिरेल हे गृहीतकच मला मान्य नाही. अशा ठिकाणी साठा संपेपर्यंत गळती चालू राहील असं धरणं बरं.

५. ढग कुठवर जाईल

विखुरण्याच्या गणितात वाऱ्याचा वेग आणि हवेची स्थिरता हे दोन आकडे राज्य करतात. स्थिरतेचे 'ए' ते 'एफ' असे पास्क्विल वर्ग आहेत: 'ए' म्हणजे कडक उन्हातली खळबळती हवा, 'एफ' म्हणजे निरभ्र रात्रीची संथ हवा. बहुतेक अभ्यासांत किमान दोन जोड्या घेतात: ५ मीटर प्रति सेकंद वारा आणि 'डी' वर्ग, आणि १.५ मीटर प्रति सेकंद वारा आणि 'एफ' वर्ग.

फरक किती पडतो ते हाताने काढून बघा. हवेइतक्याच जड वायूची जमिनीलगत सेकंदाला १ किलो गळती आहे. ५०० मीटरवर ढगाच्या मध्यरेषेतली संहती (घनमीटर हवेतला वायू) म्हणजे गळतीचा दर भागिले (३.१४ × आडवा पसरणांक × उभा पसरणांक × वाऱ्याचा वेग). पसरणांक म्हणजे त्या अंतरावर ढग किती पसरला याचं मीटरमधलं माप. मोकळ्या मैदानासाठी ब्रिग्जची सूत्रं वापरली तर 'डी' वर्गात पसरणांक ३९ आणि २२.७ मीटर येतात, 'एफ' वर्गात १९.५ आणि ७. पहिल्या परिस्थितीत संहती घनमीटरला ७२ मिलिग्रॅम, दुसऱ्या परिस्थितीत १,५६०. गळती तीच, अंतर तेच, पण फरक वीसपटीहून जास्त. दिवसाच्या सरासरी हवामानावर काढलेलं वर्तुळ रात्रपाळीला लागू करू नये, ते यामुळेच.

हे गॉसियन सूत्र आपल्या प्रोपेनला मात्र चालत नाही. त्याची वाफ हवेच्या दीडपट जड, त्यात बाहेर पडताना थंडगार. असा ढग सुरुवातीला स्वतःच्या वजनाने बसतो, वाऱ्याविरुद्धही थोडा सरकतो आणि खोलगट जागांत उतरतो. त्यासाठी जड वायूचं मॉडेल लागतं. स्लॅब, डेगाडिस ही जुनी आणि खुली मॉडेल्स आहेत. अलोहा हे अमेरिकी सरकारी संस्थांनी तयार केलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकायला उत्तम. पण त्याची मर्यादा ओळखून वापरा: टेकड्या-इमारती त्याला दिसत नाहीत, वारा जवळजवळ पडलेला असताना त्याचं उत्तर भरवशाचं नसतं, आणि उगमाजवळ ढग ठिगळांसारखा तुटक असतो हेही त्यात येत नाही. शेवटच्या कारणामुळे प्रोपेनच्या २.१ टक्के या खालच्या ज्वलनमर्यादेबरोबरच (याहून कमी वाफ असेल तर हवा पेटत नाही) तिच्या निम्म्या संहतीची सीमाही काढायची पद्धत आहे.

विखुरण्याचं मॉडेल प्रयोगातल्या मोजमापाच्या निम्म्या ते दुपटीत उत्तर देत असेल, तर ते चांगलं समजतात. म्हणून अहवालात '३४७ मीटर' लिहिणं हास्यास्पद आहे. '३५०च्या आसपास' लिहा.

६. पेटल्यावर काय

भोकाशीच लगेच पेट घेतला तर जेट फायर, म्हणजे फवाऱ्यासारखी ज्योत. सेकंदाला ८.७ किलो प्रोपेन म्हणजे सुमारे ४०० मेगावॅट. त्यातली पाव उष्णता विकिरणाने बाहेर पडते आणि हवेतून ८० टक्के पोचते असं धरलं, तर ज्योतीच्या मध्यापासून ४० मीटरवर ४ किलोवॅट प्रति चौरस मीटर आणि २२-२३ मीटरवर १२.५ किलोवॅट येतात. ज्योतच २५-३० मीटर लांब असते, त्यामुळे दुसरा आकडा ज्योतीच्या अगदी अंगाला लागून आहे आणि बिंदूस्रोताचं हे सोपं सूत्र तिथे फार ताणू नये.

उशिरा पेट घेतला आणि ढग मोकळ्या जागेत असला तर फ्लॅश फायर, म्हणजे ढग झटक्यात जळून जातो: ज्वलनमर्यादेच्या सीमेच्या आतला माणूस वाचत नाही असं धरतात, बाहेरच्याला फारसं होत नाही असं मानतात. ढोबळ आहे, पण कामाचं आहे.

ढग पाइप-खांब-जाळ्यांच्या गर्दीत शिरला तर ज्योतीचा वेग वाढत जातो आणि स्फोट होतो. मल्टि-एनर्जी या स्फोटाचा दाब काढायच्या पद्धतीत पूर्ण ढगाऐवजी गर्दीच्या जागेचं घनफळ मोजतात. आपल्या टाकीजवळ २० × १० × ५ मीटरचा पाइप रॅक आहे असं समजू, म्हणजे १,००० घनमीटर. हवा आणि इंधन योग्य प्रमाणात मिसळलेली असतील तर प्रत्येक घनमीटरात सुमारे ३.५ मेगाज्यूल, एकूण ३,५०० मेगाज्यूल. एवढी जागा भरायला प्रोपेन किती लागतं? ४ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ७३ किलो. आपल्या गळतीची आठ-नऊ सेकंदं! गळती दोन मिनिटांत थांबवली तरी रॅक भरलेलाच असणार. म्हणजे जलद बंद होणारा व्हॉल्व्ह स्फोटाची तीव्रता कमी करत नाही. तो पेट घ्यायची संधी आणि जेट फायरचा कालावधी कमी करतो. तीव्रता कमी करायची तर रॅकमधली गर्दी कमी करा, किंवा माणसं लांब न्या.

स्फोटाचा वर्ग १ ते १० पैकी कोणता धरायचा, हा खरा वादाचा मुद्दा. वर्ग ४ म्हणजे उगमाशी १० किलोपास्कल अतिदाब (हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब), वर्ग ७ म्हणजे १०० किलोपास्कल. दाट रॅकला ७ धरणं मला योग्य वाटतं. अंतर मात्र ऊर्जेच्या घनमुळाने वाढतं, ऊर्जा आठपट झाली तर अंतर दुप्पट. त्यामुळे टनांवर घासाघीस करण्यापेक्षा वर्गावर चर्चा करा. गर्दी म्हणजे फक्त लोखंड असंही नाही. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलची टाकी ओसंडून ढग तयार झाला. मोकळ्या वाटणाऱ्या जागेत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दाब निर्माण झाला, आणि त्याचं एक कारण रस्त्याकडेची झाडं-झुडपं निघालं.

चौथी शक्यता ब्लेव्ही, म्हणजे आतल्या उकळत्या द्रवाची वाफ एकदम पसरून होणारा टाकीचा स्फोट. जेट फायरची ज्योत टाकीवर आदळत राहिली की द्रवाच्या पातळीवरचा पत्रा तापून मऊ पडतो आणि टाकी फाटते. फायरबॉलचा (आगीच्या गोळ्याचा) व्यास मीटरमध्ये म्हणजे ५.८ × किलोंचं घनमूळ. कालावधी सेकंदांत, ३० टनांच्या आत, ०.४५ × किलोंचं घनमूळ. २० टनांना १५७ मीटर आणि १२ सेकंद. मेक्सिको सिटीजवळ १९ नोव्हेंबर १९८४ रोजी एलपीजीच्या टाक्या अशा एकामागून एक फुटल्या आणि ५००च्या आसपास माणसं दगावली. एका टाकीची घटना शेजारच्या टाकीची सुरुवात ठरते का, हे दरवेळी तपासायचं ते यासाठी.

७. माणसाला काय होईल

मर्यादेचे आकडे पाठ असलेले बरे. अतिदाब २ किलोपास्कल: थोड्या खिडक्या फुटतात. ७: घरांचं राहण्यालायक नसण्याइतकं नुकसान. १४: भिंती-छपरं अंशतः कोसळतात. २१: पोलादी सांगाडा वाकतो. ७०: इमारती जमीनदोस्त. विकिरणात ४ किलोवॅटला वीसेक सेकंदांत वेदना होतात, १२.५ला ठिणगी मिळाल्यास लाकूड पेटतं, ३७.५ला उपकरणं निकामी होतात.

मर्यादा आडवी रेघ ओढते, प्रत्यक्षात मात्र वेळही मोजावा लागतो. त्यासाठी प्रॉबिट, म्हणजे मात्रेवरून मृत्यूची शक्यता सांगणारा आकडा: ५ आलं की निम्मी माणसं दगावतील असा अंदाज. आगीसाठी प्रचलित सूत्र असं: उणे १४.९ अधिक २.५६ × लॉग (सेकंद × वॅटमधल्या विकिरणाचा ४/३ घात ÷ १०,०००), लॉग नैसर्गिक. १२.५ किलोवॅटला २० सेकंदांत मृत्यूची शक्यता नगण्य येते, ४० सेकंदांत ३ टक्क्यांच्या थोडी वर, ६० सेकंदांत २१ टक्के. पळायला वाट आहे का, हा प्रश्न किलोवॅटइतकाच महत्त्वाचा झाला. विषारी वायूंत बऱ्याचदा संहतीचा वर्ग गुणिले वेळ धरतात, म्हणजे संहती तिप्पट झाली तर ते नऊपट वेळ थांबण्यासारखं.

८. किती वेळा, आणि एकूण जोखीम

आता वारंवारिता. खालचे आकडे केवळ रीत दाखवायला घेतले आहेत. तुमचे आकडे गळतीच्या नोंदसंग्रहातून आणि तुमच्या प्लांटच्या इतिहासातून यायला हवेत. समजा ही गळती १०,००० वर्षांत ५ वेळा होते. १० टक्के वेळा लगेच पेट घेते: १०,०००त ०.५, जेट फायर. उरलेल्या ४.५ पैकी ३० टक्के उशिरा पेटतात, म्हणजे १.३५. त्यातले ४० टक्के स्फोट, म्हणजे ०.५४, बाकी ०.८१ फ्लॅश फायर. ३.१५ वेळा काहीच पेटत नाही. बेरीज परत ५ येते की नाही ते बघा. घटनेच्या अशा फाटे फुटत जाणाऱ्या झाडाची एखादी फांदी विसरली असेल तर इथेच कळतं.

रॅकजवळच्या केबिनमधल्या माणसाची स्फोटापासूनची जोखीम: ०.५४ प्रति १०,००० वर्षं, गुणिले वारा रॅककडे असण्याची शक्यता ०.३, गुणिले तो हजर असण्याची ०.२५, गुणिले दगावण्याची ०.३. वर्षाला दहा लाखात १.२. ही एका घटनेची झाली. अशा सगळ्या घटनांची बेरीज म्हणजे त्या माणसाची वैयक्तिक जोखीम. ब्रिटनमधल्या प्रचलित निकषांत कामगारांसाठी वर्षाला हजारात एक आणि बाहेरच्या लोकांसाठी दहा हजारात एक ही वरची हद्द आहे, आणि दहा लाखात एकच्या खाली जोखीम सर्वसाधारणपणे स्वीकारार्ह मानतात. मधल्या पट्ट्यात खर्च आणि फायदा तोलून उपाय करत राहायचे. एकाच वेळी बरीच माणसं सापडण्याचा धोका असेल तर एफ-एन वक्रही (एकदम किती माणसं दगावण्याची वारंवारिता किती, याचा आलेख) काढा, कारण वैयक्तिक जोखमीत शंभर माणसांची सभा दिसत नाही.

९. तपासणी, आणि पुन्हा गणित कधी

उत्तर आल्यावर एकेक गृहीतक बदलून बघा: भोक दुप्पट, वारा निम्मा, पेट घेण्याची शक्यता तिप्पट. ज्याने निर्णय बदलतो त्या गृहीतकावर आणखी कष्ट घ्या. बाकीची सोडून द्या. सॉफ्टवेअरचा गळतीचा दर हाताने काढलेल्या आकड्याशी जुळत नसेल, तर वर्तुळ कुणाला दाखवू नका. अहवालाच्या पहिल्याच पानावर गृहीतकांचा तक्ता द्या.

आणि बदलांची यादी प्लांटच्या बदल-व्यवस्थापनाला जोडा. नवी केबिन, रॅकमध्ये वाढवलेल्या लाइन, साठ्यात वाढ, बायपास करून ठेवलेला डिटेक्टर, तात्पुरता पाइप: यांतलं काहीही झालं की गणित पुन्हा करायचं. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात पाचवी रिॲक्टर काढून चौथी आणि सहावी जोडायला बसवलेला २० इंची पाइपही तात्पुरताच होता. १ जून १९७४ रोजी तो निखळला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. तो पाइप बसवताना त्यावर येणाऱ्या ताणांचं रीतसर गणित कुणी केलेलं नव्हतं.